चार लाख किलोमीटर टिकणारी एसयूव्ही कोणती?

विचारणारे सांगलीचे, कामाला पुण्यात. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर होतात, त्यातले तीन हजार तरी हायवेचे. गाडी दहा वर्षं ठेवायची आहे, म्हणजे हिशेबाने चार लाख वीस हजार. बजेट नव्या स्कॉर्पिओ-एनचं, किंवा त्याच पैशात येणारी वरच्या वर्गातली वापरलेली गाडी. त्यांच्या मित्रमंडळात तीन तट पडलेत. एक म्हणतो फॉर्च्युनरला मरण नाही. दुसरा म्हणतो स्कॉर्पिओइतकी राकट गाडी दुसरी नाही आणि तिचा पार्ट कुठंही मिळतो. तिसऱ्याचं म्हणणं, डिझेलचा नाद सोडा, हायब्रिड घ्या.

माझं गॅरेज पुणे-बंगळूर हायवेला कराडच्या अलीकडे आहे, आणि कामं जास्त डिझेलची. दोन-अडीच लाख पार केलेल्या गाड्या आमच्याकडे रोजच्या. त्यामुळे हा वाद मला पाठ आहे. आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागून येतील.

नुसत्या इंजिन-गिअरबॉक्सच्या दमावर बोलायचं तर टोयोटाची इनोव्हा-फॉर्च्युनर ही जात पहिली, दुसऱ्या नंबराला बरंच अंतर सोडून. आडरानात बंद पडली तर तालुक्याच्या मिस्त्रीकडून संध्याकाळपर्यंत चालू करून घरी यायचं असेल तर बोलेरो आणि जुनी स्कॉर्पिओ पहिल्या. आणि दहा वर्षांचा सगळा खर्च किलोमीटरवर भागून बघितला तर उत्तर तुमच्या रनिंगवर ठरतं, गाडीच्या नावावर नाही. तिघे मित्र तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, म्हणून वाद मिटत नाही.

आता रनिंगचं. मीटरवरचा आकडा बघून गाडीचं वय ठरवणं ही पहिली गफलत. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर यांना तासांचा मीटर असतो तो उगाच नाही. इंजिन तासांवर झिजतं. हायवेला सरासरी ताशी ६० धरली तर तीन लाख किलोमीटरला पाच हजार तास होतात. तीच गाडी रोज हडपसर-हिंजवडी करत असेल तर सरासरी २० च्या वर जात नाही; तिचे पाच हजार तास एक लाखातच भरतात. वर तिला क्लच दाबून दाबून घासलेला, ब्रेक संपलेले, इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत बंद केलेलं. म्हणून तीन लाख चाललेली नाशिक-मुंबई टुरिस्ट इनोव्हा उघडली की बोअर बघून समाधान वाटतं, आणि ‘फक्त सत्तर हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणून आणलेल्या गाडीचं ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने बुजलेलं निघतं.

पुढाऱ्यांच्या गाड्यांचं तर वेगळंच. सभा मंडपात चालू असते आणि मागे पांढऱ्या गाड्या एसी चालू ठेवून दोन-दोन तास उभ्या. मीटर एक किलोमीटर पुढे सरकत नाही, इंजिन मात्र चालूच. तीच गाडी मग रात्री ताशी १४० ने मुंबईला पळवायची आणि पोचल्या पोचल्या किल्ली फिरवून बंद करायची; टर्बोला थंड व्हायला एक मिनिटसुद्धा द्यायचं नाही. ‘नेत्याकडची आहे, कंपनीतच सर्व्हिस झालीय’ हे ऐकून गाडी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

याच्यामुळेच इनोव्हाच्या नावाला आणखी जास्त चकाकी आलीय, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. इनोव्हा घेतो टुरिस्टवाला. त्याची रोजी तिच्यावर, म्हणून ऑइल वेळेवर, फिल्टर वेळेवर, आणि रनिंग सगळं हायवेचं. एवढी काळजी आणि असं रनिंग दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळालं असतं तर तीही दीड पट टिकली असती. पण हे सगळं वजा केलं तरी इनोव्हा पुढेच राहते, आणि त्याला कारण आहे.

कारण असं की इंजिनावर ओझं कमी. क्षमतेच्या मानाने ताकद किती काढलीय ते बघा. २००५ साली आलेल्या इनोव्हाचं डिझेल इंजिन २४९४ सीसीचं आणि ताकद १०२ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप), म्हणजे लिटरमागे जेमतेम ४१. त्याआधी २००० साली आलेल्या क्वालिसला तर टर्बोही नव्हता, २.४ लिटरमधून ७५ पीएस. जुन्या डीआय बोलेरोचं इंजिन २५२३ सीसीचं आणि ताकद ६३ पीएसच्या आसपास, लिटरमागे २५. नंतरची एमहॉक इंजिनवाली स्कॉर्पिओ २१७९ सीसीतून १२० काढते, म्हणजे ५५. आता नव्या गाड्या बघा. क्रेटाचं २०२० पर्यंतचं १.६ डिझेल १२८ पीएस, लिटरमागे ऐंशीच्या वर. हॅरियरचं दोन लिटर १७० पीएसचं, ८७ च्या आसपास. स्कॉर्पिओ-एन १७५ पीएसवाली लिटरमागे ८०. निम्म्या ओझ्यावर जुंपलेला बैल जास्त वर्षं जातो, इतकं साधं आहे. याचा अर्थ नवी इंजिनं वाईट असा नाही. धातू, ऑइल, कूलिंग सगळं सुधारलंय. पण त्यांना चुका माफ नाहीत. क्वालिसमध्ये वीस हजारांनी ऑइल बदललं तरी ती कुरकुर न करता चालायची. आजच्या इंजिनात तेच केलं तर टर्बोचं बेअरिंग आधी जातं.

ज्यांनी सुमो चालवलीय त्यांना हे सांगायची गरज नाही. १९९४ ची टाटा सुमो, नंतर बोलेरो, फोर्सच्या ट्रॅक्स-क्रूझर, महिंद्राच्या कमांडर. आमच्याकडे वडाप आणि तिकडे मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून दहाच्या जागी अठरा माणसं भरून या गाड्या वर्षानुवर्षं पळाल्या. ऐषआराम शून्य, आवाज कानठळ्या बसवणारा, पण पंप मेकॅनिकल, नोझल पुन्हा सेट करता येणारे, मागे पाटे, आणि सेन्सर नावाचा प्रकारच नाही. तिथे ‘टिकाऊ’चा अर्थ दुरुस्त होणारी असा होता. इंजिन काम दोनदा करायचं, बोअर मारायचा, नवे पिस्टन-रिंगा टाकायच्या आणि पुन्हा रस्त्यावर. ती दुनिया कॉमन रेलने संपवली. आता डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने इंजेक्टरमधून जातं, आणि तेवढ्या दाबाला पाण्याचा एक थेंब किंवा कचऱ्याचा एक कण पुरतो.

म्हणून आता एकेक गाडी घेऊ.

फॉर्च्युनर. भारतात २००९ साली आली, तीन लिटरचं १७१ पीएसचं इंजिन, लॅडर फ्रेम (बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चेसीस). २०१६ च्या अखेरीला दुसरी पिढी, २.८ लिटर. पहिल्या पिढीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, दुसरीत चेन. जुनी घेणार असाल तर बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरून ताबडतोब बदला, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड खाली येतं. मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा लागतो तो यासाठीच, पण कित्येक गाड्यांत बेल्ट न बदलता नुसता दिवा रिसेट केलेला सापडतो. बाकी गाडी दणकट. खर्च येतो तो टायर, ब्रेक आणि पुढच्या सस्पेन्शनचा, कारण वजन दोन टनांच्या आसपास आणि मालकाला वाटतं खड्डा आपल्यासाठी नाही. इंजेक्टर आणि टर्बोचा भाव ऐकून माणूस खाली बसतो, हेही खरं.

पण टोयोटा म्हणजे देव नव्हे. हेच २.८ चं इंजिन ऑस्ट्रेलियात हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) लावून विकलं गेलं आणि तिथे त्या डीपीएफच्या दोषावरून मोठा खटला झाला. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मध्ये विकलेल्या सुमारे २ लाख ६४ हजार गाड्यांचा प्रश्न होता, आणि २०२२ साली तिथल्या फेडरल कोर्टाने दोष होता असा निकाल दिला. आपल्याकडच्या बीएस-फोर (म्हणजे एप्रिल २०२० च्या आधीच्या धुराच्या नियमातल्या) फॉर्च्युनरला डीपीएफ नव्हतं म्हणून आपण त्या वेळी सुटलो. म्हणूनच २०१७ ते २०१९ च्या बीएस-फोर गाड्यांना बाजारात अजून भाव आहे.

स्कॉर्पिओ. २००२ साली नाशिकहून निघाली तेव्हाची २.६ लिटरची वेगळी, २००९ च्या सुमारास आलेली एमहॉकवाली वेगळी. टिकण्याच्या बाबतीत बोलायचं तर एमहॉकचं बोला. चेन आहे, इंजिन मनाने चांगलं, वेळेवर ऑइल मिळालं तर तीन लाखांपर्यंत उघडावं लागत नाही अशा गाड्या आमच्याकडे येतात. पण इंजिनाभोवतीचं बाकी सगळं सतत लक्ष मागतं. बूश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, कुठेतरी वायरिंगची कुरबुर, दरवाज्याचा आवाज. स्कॉर्पिओवाला महिन्यातून एकदा गॅरेजला चहा पिऊन जातो, इनोव्हावाला दिवाळीला भेटतो. मात्र स्कॉर्पिओवाल्याचं बिल लहान असतं, आणि पार्ट विट्यात मिळतो, जतमध्ये मिळतो, भोरमध्येही मिळतो. दुसरा मित्र हेच म्हणत असेल तर तो बरोबर आहे.

स्कॉर्पिओ-एन ही २०२२ ची गाडी. नाव तेच, पण गाडी पूर्ण नवी: फ्रेम नवी, इंजिन सुधारलेलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयसिनचा, जो जगभर चांगला मानला जातो. जुन्या स्कॉर्पिओची पुण्याई हिच्या खात्यावर मांडू नका आणि जुनीची दुखणीही हिच्या माथी मारू नका. चार लाखांचा पुरावा पुरेसा जमायला अजून वेळ आहे. आत्तापर्यंत दिसतं त्यावरून इंजिन-गिअरबॉक्सची धास्ती नाही. इलेक्ट्रॉनिक्स वयात आल्यावर काय करतं ते कळायचंय.

बोलेरोबद्दल जास्त लिहीत नाही. सारखं पुणे-सांगली करणाऱ्याने बोलेरो घेतली तर गाडी टिकेल, कंबर टिकणार नाही.

मोनोकॉक गाड्या, म्हणजे ज्यांना वेगळी चेसीस नाही: क्रेटा, डस्टर, हॅरियर, कंपास वगैरे. यांच्याबद्दल ‘कारच्या बॉडीवर उंच चाकं, दीड लाखात खिळखिळी’ असं सरसकट बोलतात ते चुकीचं आहे. हायवेला या गाड्या जास्त स्थिर, हलक्या आणि टायरलाही सौम्य. डस्टरचं १.५ डिझेल अडीच-तीन लाख आरामात जाणारं, फक्त तिला बेल्ट आहे आणि तो वेळेवर बदलला पाहिजे. हॅरियर, हेक्टर आणि कंपास या तिन्हीत मुळात एकच फियाटचं दोन लिटर इंजिन, रांजणगावला बनणारं, त्यालाही बेल्टच. इंजिन भक्कम आहे. फरक पडतो तो गाडीभोवतीच्या कामात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये. मोनोकॉकची खरी अडचण दोन ठिकाणी: सतत कच्च्या रस्त्यावर भरून पळवली तर सबफ्रेमचे बूश आणि स्टेअरिंग रॅक लवकर बोलू लागतात, आणि मोठा अपघात झाला तर बॉडी पुन्हा सरळ होणं अवघड. तुमच्यासारख्या डांबरी रनिंगवाल्याला हे दोन्ही कमी लागू.

एक गोष्ट ब्रँडचं नाव न घेता सांगतो. आमच्या एका गिऱ्हाइकाची चांगली चाललेली मोठी एसयूव्ही, दोन लाखांना आलेली, एका सेन्सरच्या गठ्ठ्यासाठी सहा आठवडे उभी होती. इंजिन ठणठणीत. कंपनीने त्या मॉडेलचा गाशा गुंडाळलेला, पार्ट परदेशातून यायचा, आणि तो कोड बसवायला जो स्कॅनर लागतो तो फक्त दोन शहरांत. गाडी टिकाऊ होती की नव्हती? माझ्या हिशेबी नव्हती. दहा वर्षं ठेवायची गाडी घेताना तिची कंपनी दहा वर्षं इथे दुकान मांडून बसणार आहे का, हा प्रश्न इंजिनाइतकाच मोठा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा केली तेव्हा एंडेव्हरसारखी खणखणीत गाडी बाळगणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता तो यासाठीच.

आता तिसऱ्या मित्राकडे. डिझेलचा नाद सोडा म्हणतो तो मूर्ख नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर उतरलं आणि त्याबरोबर डीपीएफ आलं. धुरातली काजळी त्या जाळीत साठते आणि मधून मधून सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळावी लागते. त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. हायवेला हे आपोआप होतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. शहरात मात्र जाळायला सुरुवात होते आणि सिग्नल लागतो, घर येतं, किल्ली बंद. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो. शिवाय ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं, हाताला पातळ लागतं आणि नाकाला डिझेलचा वास येतो. जुने ड्रायव्हर खूश होतात, ‘गाडी ऑइल पीत नाही’. ते ऑइल लगेच काढून टाकायचं असतं.

तर ज्याचं महिन्याचं रनिंग सातशे-आठशे आणि तेही शहरातलं, त्याने नवं डिझेल घेऊच नये, मग त्याच्यावर कुठल्याही कंपनीचा बिल्ला असो. तुमचं तसं नाही. तीन हजार हायवेचे म्हणजे डीपीएफला आपोआप औषध मिळतंय. तुमच्यासाठी डिझेल अजून बाद नाही.

हायब्रिडचं सांगायचं तर टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, स्टार्टर वेगळा नाही, टर्बो नाही, गिअर बदलायची भानगड नाही. दोन मोटारी आणि एक ग्रहमालिका गिअर. १९९७ पासून जगभर टॅक्सीत घासून निघालेली पद्धत आहे. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारामध्ये १.५ लिटरचं, इनोव्हा हायक्रॉसमध्ये दोन लिटरचं पेट्रोल इंजिन त्याच्याबरोबर. यांत बिघडायला जागाच कमी. प्रश्न बॅटरीचा. वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. महिन्याला साडेतीन हजार म्हणजे वर्षाला बेचाळीस हजार. चार वर्षं पुरी व्हायच्या आतच तुमची वॉरंटी संपते. बॅटरी त्याच दिवशी मरते असं नाही, ती खूप पुढे जाते, पण पुढची सहा वर्षं जोखीम तुमच्या खिशाची. दुसरं, हायब्रिडचा फायदा सर्वांत जास्त शहरात. सलग शंभरच्या वेगाने पळताना तो बराच कमी होतो. खंबाटकी चढताना तीन सिलिंडरचं इंजिन ओरडतं तेही एकदा ऐकून घ्या. हायक्रॉसला ही अडचण नाही, पण ती तुमच्या बजेटच्या वर जाईल.

मग मी काय घेईन? एसयूव्हीच पाहिजे हा हट्ट नसेल तर २०१७ ते २०१९ मधली बीएस-फोर इनोव्हा क्रिस्टा, २.४ मॅन्युअल, एका हातातली, लाखाच्या आत चाललेली. चेन आहे, डीपीएफ नाही, खाली अजून लॅडर फ्रेम आहे. पार्ट महाग आहेत पण वारंवार लागत नाहीत. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत निर्धास्त. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवता येते, हरित कर भरावा लागतो. तुमच्या हातात ती पाच लाखांच्या पुढे जाईल. तेवढ्यात एकदा चारही इंजेक्टर, एकदा टर्बो, दोनदा क्लच आणि दोन-तीनदा सस्पेन्शनचं काम धरून चाला. इंजिन उघडायची वेळ येईल असं वाटत नाही, पण आलीच तर ती शेवटी येईल.

एसयूव्हीच हवी असेल तर नवी स्कॉर्पिओ-एन, डिझेल, मॅन्युअल, टू-व्हील ड्राइव्ह, मधलं मॉडेल. सनरूफवाली वरची घेऊ नका. दहा वर्षांनी सनरूफची नळी बुजून पावसाळ्यात पाणी गालिच्याखाली उतरतं आणि तिथेच वायरिंगचे जोड असतात. वापरलेली फॉर्च्युनर त्याच पैशात मिळेल, पण ती लाख-सव्वा लाख चाललेली असेल, आणि तिच्या पुढच्या चार लाखांचा खर्च क्रिस्टाच्या दीडपट धरा. शौक असेल तर जरूर घ्या.

काही झालं तरी ऑइल दहा हजाराला, कंपनी काही सांगो. बीएस-सिक्स असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच. जनरल ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते, ती जळत नाही. डिझेल फिल्टर ठरल्यापेक्षा आधी, आणि पावसाळ्यात तळाचं पाणी सोडायचं. डिझेल खपाच्या पंपावर भरा, कारण जिथे टाकी रोज रिकामी होते तिथे पाणी कमी. रेडिएटरमध्ये कूलंटच. रस्त्यात कमी पडलं म्हणून ड्रायव्हर हॉटेलच्या नळाचं क्षाराचं पाणी ओततो, त्याचा थर आत चढतो, आणि मग एप्रिलमध्ये एसी लावून घाट चढताना काटा वर जातो. हेड बसायला तेवढं एकदा पुरतं. ऑटोमॅटिक असेल तर ‘गिअर ऑइल आयुष्यभरासाठी’ या बोलण्यावर जाऊ नका, साठ-सत्तर हजाराला बदला. आयुष्य कुणाचं ते त्यांनी सांगितलेलं नसतं.

वापरलेली बघायला जाताना सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा, मग स्टार्टर मारा. थंडीत एक फुसका पांढरा धूर चालतो. निळा सुरू राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं, किंवा तोंडातून धूर भकाभका यायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-बोअर गेलेत. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का बघा. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. इंजिन लगेच गपकन बंद पडलं तर क्लच धरतोय, घरघरत राहिलं तर प्लेट संपली. इंजेक्टरचं खरं दुखणं बघायचं तर रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला चार छोट्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. चारी बाटल्यांत डिझेल सारखं चढलं पाहिजे. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. दहा मिनिटांचं काम आहे, विकणारा त्यालाही नाही म्हणाला तर पुढची गाडी बघा.

मीटर मागे केलेला ओळखायला स्टेअरिंगची चकाकी, क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा. ‘ऐंशी हजार’ चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत नसतं. गाडी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या नोंदी मागा, त्यात प्रत्येक भेटीचं रीडिंग असतं. किनारपट्टीची गाडी असेल, रत्नागिरी, मालवण, गोवा, तर जॅकवर घेऊन चेसीसच्या आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा; खारी हवा आणि तांबडी माती मिळून फ्रेम आतून खातात, वरून काळा रंग मारला की दिसत नाही.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त फॉर्च्युनर आणि क्रिस्टा तुम्हाला नक्की दाखवल्या जातील. दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिकडे निर्बंध आल्यापासून त्या इकडे येतात. सगळ्याच खराब नसतात, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे तिन्ही खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त आहे का ते बघा. आणि कुणी ‘डीपीएफ काढून प्रोग्राम मारून दिलाय, आता टेन्शन नाही’ असं म्हणून बीएस-सिक्स गाडी विकत असेल तर ती घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि उद्या परत बसवायची वेळ आली तर नव्या डीपीएफचा भाव ऐकून सौदा किती महागात पडला ते कळेल.